मशीन ज्या घरी आहे, त्या घरासाठी

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेले, तुम्हीसुद्धा. हात पुसून या, भांडी नंतर घासली तरी चालतील. आज एक गोष्ट सांगते, आणि आधीच बजावून ठेवते की सांगताना माझा आवाज चढणार आहे. काही गोष्टी गोड गळ्यानं सांगायच्या नसतातच. तोंडानं देवावर भरवसा म्हणायचं आणि हात मात्र कडीवर घट्ट ठेवायचा, अशा माणसांची ही गोष्ट. म्हणजे लांबची कोणाची नाही, आपल्याच घरातली.

तर एक बाई पडदे शिवायची. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, पितळी कड्यांनी भरलेला बिस्किटांचा जुना डबा आणि गळ्यात सदा मोजपट्टी. लहानपणापासून तिला सगळे ठिणगी म्हणायचे. का, ते विचारू नका. जरा वेळ तिच्यासमोर बसा, आपोआप कळेल. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा घाई करा," की ही सुई थांबवून विचारायची, "का हो, खिडकी पळून चाललीय का तुमची?"

तिचा नवरा लाकडी सामानाला पॉलिश करायचा. उभा जन्म बंद खोल्यांमध्ये फवारा मारण्यात गेला. तोंडाला रुमाल बांधायचा, तोही आठवण झाली तर. लोकांची कपाटं आरशासारखी चमकली आणि ह्याची फुप्फुसं कामातून गेली. पण माणूस मोठा गमतीदार. जिना चढला की वरच्या पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, "मी पोचलो. श्वास मागून येतोय, दार उघडं ठेव."

त्या वर्षी तापाची साथ आली आणि पॉलिशवाल्याच्या छातीत जाऊन बसली. हॉस्पिटलात चार दिवस ठेवून डॉक्टर म्हणाले, "खाटा कमी पडताहेत. ह्यांना घरी न्या, पण संध्याकाळपासून सकाळपर्यंत ऑक्सिजन लावावाच लागेल. नाही लावला तर हृदय थकेल. मग माझ्या हातात काही नाही."

ऑक्सिजन आणायचा कुठून? भाड्यानं देणारे हात वर करून बसलेले. सगळ्या गावालाच दम लागला होता. पण ठिणगी घाबरली नाही. तिला ठाऊक होतं, चर्चच्या मंडळीचं मशीन आहे.

आता हे मशीन काय, ते नीट ऐका. काही वर्षांपूर्वी मंडळीतल्या सगळ्यांनी मिळून ऑक्सिजनचं एक मशीन घेतलं होतं. गुडघ्याएवढं उंच, खाली चाकं, एक नळी नाकाशी. त्या वेळचे म्हातारे पाळक मोठे शहाणे. त्यांनी सांगितलं, "ह्याला चर्चमध्ये कोपरा द्यायचा नाही. ज्याला दम लागलाय त्याच्या उशाशी ह्याची जागा. त्याचं भागलं की पुढच्यानं त्याच्या घरून घेऊन जायचं." आणि दर रविवारी प्रार्थनेत एक ओळ म्हणायची त्यांनी सवय लावली: आणि हे प्रभू, मशीन ज्या घरी आहे, त्या घराला सांभाळ. घराचं नाव घ्यायचं नाही. आजारी माणसाला लाज वाटू नये म्हणून.

म्हातारे पाळक देवाघरी गेले. ओळ राहिली. मशीन कुठं आहे ते विचारायला फोन कोणाला करायचा, तर मंडळीच्या एका वडिलांना, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचाला. आणि ते वडील म्हणजे ठिणगीचा सख्खा थोरला भाऊ. दादा.

दादाचं बॅटऱ्यांचं आणि इन्व्हर्टरचं मोठं दुकान. धंदा जोरात, कारण दादाला घाबरवता छान यायचं. गिऱ्हाईक नुसता बल्ब घ्यायला आलं तरी दादा हळूच विचारायचा, "आणि लाइट गेली तर?" झालं, बल्ब घ्यायला आलेला माणूस बॅटरी घेऊन जायचा. पण एक सांगते, दादा लोकांना फसवत नव्हता. तो स्वतःच तसा भ्यायलेला होता. घरात काहीही बघितलं की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं: "उद्या लागलं तर?" फाटकी छत्री टाकायची नाही, उद्या लागली तर. उरलेली औषधं फेकायची नाहीत, उद्या लागली तर. आणि हा माणूस रविवारी पहिल्या बाकावर बसून डोळे मिटून म्हणायचा की माझा भरवसा देवावर!

ठिणगीनं फोन केला. "दादा, ह्यांना ऑक्सिजन लागतोय. मशीन कुठं आहे?"

मग दादा म्हणाला, "आहे एका घरी."

"मग त्यांचं भागलं का विचार ना."

"चौकशी करतो."

दोन दिवस चौकशीच चालली. ठिणगी नवऱ्याला उशा रचून बसवून ठेवायची. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा संध्याकाळी खाली यायचा की तिचा जीवही तेवढाच खाली यायचा. तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो थांबला. ही धावत गेली. दादाच्या दुकानातल्या माणसानं काहीतरी जड उतरवून ठेवलं. बघते तर काय, इन्व्हर्टर आणि बॅटरी!

"मालकांनी पाठवलंय. म्हणाले, मशीन मिळालं आणि लाइट गेली तर पंचाईत नको."

ऐकलंत? मशीनचा पत्ता नाही आणि मशीनची बॅटरी हजर! पॉलिशवाला हसता हसता खोकला. "तुझा दादा ग्रेट आहे. घोडा नाही, पण नाल पाठवलीय."

"हसू नका," ठिणगी म्हणाली. "तुम्ही हसलात की आकडा खाली येतो."

पण त्या दिवशी तिला दादाचा राग नाही आला बरं का. तिला वाटलं, बिचारा धडपडतोय. शिवाय मशीन असलेल्या त्या घरासाठी ती दर रविवारी किती मनापासून प्रार्थना करत होती! कोण असेल, केवढं मोठं दुखणं असेल, वर्ष उलटून गेलं तरी मशीन सुटत नाही, देवा त्यांना बळ दे. दोनदा तर तिचे डोळे भरून आले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा आणि मग मला विचारा की मी चिडते का.

चौथ्या दिवशी वहिनीच्या घरचे पडदे लावायचे होते. नवरा आजारी पडायच्या आधीच वहिनीनं माप दिलं होतं: मागच्या खोलीची खिडकी, जाड कापड, दुहेरी अस्तर. शेजारीण नवऱ्यापाशी बसली आणि ठिणगी पडदे खांद्यावर टाकून, कड्यांचा डबा घेऊन निघाली. म्हटलं, लावून येऊ आणि दादाला समोर बसवून विचारू.

वहिनी दारातच म्हणाली, "अगं, कशाला आलीस ह्या धावपळीत? ठेव इथं, मी लावीन नंतर."

"वहिनी, तुम्ही आजवर साधा खिळा ठोकलेला मी पाहिला नाही."

आतून आई ओरडली. आई म्हणजे ह्या दोघांची आई, दादाकडे राहायची. वय झालेलं, पण आवाज घंटेसारखा. "आलीच आहे तर लावून जाऊ दे की! त्याची ती लागलं-तर-खोली आहे ना, तिची किल्ली दिवाणाखाली आहे. ये गं बये, जावईबापू कसे आहेत?"

लागलं-तर-खोली! आईनंच ठेवलेलं नाव. ठिणगीनं कुलूप काढलं, स्टूल घेतलं आणि आत गेली. आत पाऊल टाकायला जागा नव्हती. साबणाच्या पेट्या, पाण्याचे कॅन, मेणबत्त्यांचे गठ्ठे, जास्तीचे दोन गॅस सिलिंडर, वापरलेल्या बॅटऱ्या, औषधांच्या पिशव्या, आणि ह्या सगळ्यावर धूळ. ती स्टुलावर चढली, पडदा दांडीवर ओवला, आणि वरून तिची नजर कोपऱ्यात गेली. गोधडी पांघरलेलं काहीतरी. गोधडीखाली चाकं.

खाली उतरून तिनं गोधडी ओढली.

मशीन. आणि मशीनच्या पाठीवर निळ्या रंगात अक्षरं: श्वास देवाचा. ती तिच्या नवऱ्याच्या हातची होती. मशीन आलं तेव्हा त्यानंच बारीक कुंचल्यानं लिहिलं होतं, रंग वाळेपर्यंत कोणाला हात लावू दिला नव्हता.

वहिनी दारात उभी. हातातला कड्यांचा डबा तिनं उगाचच घट्ट धरलेला.

"वहिनी," ठिणगी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी हळू होता. तिला ओळखणाऱ्यांना विचारा, तो आवाज आरडाओरड्यापेक्षा वाईट. "इथं कोण आजारी आहे?"

"तुझ्या दादानंच ठेवलंय. मी सांगितलं होतं गं त्यांना..."

"काय सांगितलं होतं? आणि मला का नाही सांगितलं?"

तेवढ्यात दादा जेवायला घरी आला. चपला काढताना त्याला मागचं दार उघडं दिसलं. काही विचारायची गरजच नव्हती.

"आहे एका घरी, म्हणालास," ठिणगी म्हणाली.

"खोटं नाही बोललो मी."

बघा, मंडळी! खोटं नाही बोलला म्हणे! देवाला हिशेब द्यायचा तो असा, शब्द नीट निवडून. माझा तर इथंच तोल जातो. माणूस मरायला टेकलाय आणि ह्याला स्वतःच्या वाक्याचा अभिमान.

"आईचं वय बघ," दादा म्हणाला. "उद्या आईला लागलं तर? ऐनवेळी कुठं धावू मी? तुला आठवत नाही, तू लहान होतीस. बाबांना दम लागला तेव्हा सिलिंडर आणायला मी धावलो होतो. दुकानं बंद, रिक्षा नाही. खांद्यावर घेऊन आलो तेव्हा बाबा..." पुढचं त्याला बोलता येईना. "त्या दिवशी ठरवलं. परत असं धावायचं नाही. घरात असलंच पाहिजे."

ठिणगीनं नजर वळवली. कारण तिला आठवत होतं. दारात उभा असलेला, खांद्यावर सिलिंडर घेतलेला तिचा भाऊ तिला आठवत होता. पण म्हणून राग गेला असं समजू नका. दुःख खरं होतं, आणि त्याचं त्यानं कुलूप केलं होतं.

"माझ्या नावानं?" मागून आवाज आला. आई भिंतीला धरत धरत तिथवर आली होती. "माझ्या नावानं ठेवलंस हे? मला साधा खोकला तरी झालाय का रे? मी जिना चढते, तू धापा टाकतोस! माझ्या पोरीचं कपाळ पुसलं जायची वेळ आली आणि तू माझं वय पुढं करतोस?"

"आई, पण लागलं तर..."

"लागलं तर मरेन! देवानं बोलावलं तर जाईन, तुझी परवानगी काढून जायचंय का मला? दारातून बाजूला हो. ती घेऊन जाईल."

दादा बाजूला झाला.

ठिणगी मशीन रस्त्यानं ढकलत निघाली. चाकांचा खडखडाट, दुकानांतून लोक डोकावताहेत, मागून आई काठी टेकत येतेय, कारण ती म्हणाली, जावयापाशी मी बसणार. घरी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. वायर लावली. मशीन घरघरलं. पॉलिशवाल्यानं नळी नाकाला लावून डोळे मिटले. ठिणगी देवाचे आभार मानायला लागली, आणि मशीनवर पिवळा दिवा लागला. मग ते कर्कश ओरडायला लागलं.

हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त करणारा पलीकडच्या गल्लीत राहायचा. तो आला, झाकण काढलं, आत बघितलं आणि कंटाळल्यासारखा म्हणाला, "किती दिवस बंद पडून होतं?"

"वर्ष दीड वर्ष."

"मग असंच होणार. ह्याच्यात ऑक्सिजन भरून ठेवलेला नसतो, ताई. हे खोलीतली हवा ओढतं आणि त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून देतं, चालू असेल तेवढाच वेळ. आत दाणे असतात, ते काम करतात. बंद ठेवलं की दाण्यांना ओल धरते. मग हवा आत जाते तशीच बाहेर येते. रोज कोणाच्या तरी घरी चालत राहिलं असतं तर काही झालं नसतं. दाण्यांचे डबे बदलायला लागतील. मागवतो, पण दोन दिवस जातील."

ठिणगीनं वर बघितलं तर दारात दादा. हातात पिशवी. "जास्तीच्या नळ्या विसरली होतीस," एवढंच तो म्हणाला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

आता विचार करा. ह्या माणसानं दीड वर्ष काय सांभाळलं? एक रिकामी पेटी! आईला खरंच लागलं असतं आणि त्यानं मोठ्या रुबाबात कुलूप काढलं असतं, तर पेटीतून काय निघालं असतं? ज्याला द्यायचं होतं त्याला दिलं नाही, आणि ज्याच्यासाठी ठेवलं तिच्याही उपयोगाचं राहिलं नाही. शास्त्रातल्या गोष्टीत रानातल्या भुकेल्यांसाठी देवानं रोजच्यापुरती आकाशातून भाकर टाकली होती, आठवतंय ना? उद्यासाठी राखून ठेवणाऱ्यांच्या भांड्यात सकाळी काय वळवळलं होतं? अळ्या! आपण ती गोष्ट पोरांना सांगतो आणि घरी येऊन कुलूप तपासतो.

पॉलिशवाला उशांना टेकून ऐकत होता. ओठ जरा निळसर झालेले. तो म्हणाला, "दादा, बसा. उभे का? सांभाळलंत मात्र छान... एक ओरखडा नाही रंगावर."

ह्या वाक्यानं दादा मोडला. शिव्या दिल्या असत्या तर तो भांडला असता.

मग त्यानं फोन सुरू केले. ओळखीचे दुकानदार, हॉस्पिटलातला बडा माणूस, भाड्यानं देणारा, त्याचा मेहुणा. "लागेल ते देतो, बोला फक्त," असं म्हणायचा आणि पलीकडून नकार यायचा. एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक, पण त्या संध्याकाळी त्याच्या खिशाला कोणी भीक घालेना. हॉस्पिटलवाले म्हणाले, आणा, पण बाहेर बाकावर बसवावं लागेल. चिमट्यावरचा आकडा परत घसरला.

ठिणगीनं पदर खोचला. "चल."

"कुठं?"

"आज बुधवार. प्रार्थना सुरू झाली असेल. तिथं जाऊन सांग."

"लोकांसमोर?"

"दीड वर्ष लोकांसमोरच तर आमेन म्हणत होतास! तुझ्या धडधाकट घरासाठी आम्ही रडत होतो आणि तू पहिल्या बाकावर बसून ते गिळत होतास. चल म्हणते ना!"

आईनं जावयाचा हात हातात घेतला. "जा तुम्ही. मी आहे."

चर्चमध्ये पेटी वाजत होती. नवे पाळक बुधवारी गाऊन उपदेश करायचे. मला विचाराल तर असा उपदेश ऐकायला मी उपाशी राहीन. ते गात होते,

आजची भाकर आज दे, देवा,
उद्याचा दिवस तुझ्या हाती;
मूठ मिटून मागू कसा मी,
उघड, देवा, माझी मूठ ही.

गाणं संपलं. माना खाली गेल्या. आणि रविवारची तीच ओळ पाळकांनी घेतली, "आणि हे प्रभू, मशीन ज्या घरी आहे, त्या घराला..."

"थांबा," दादा म्हणाला.

सगळ्यांनी डोळे उघडले. दादा दारातच उभा होता. दुकानात घसा ताणून बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा निघाला जसा काही शाळेत उभा केलाय.

"त्या घरात कोणी आजारी नाही. घर माझं आहे. मशीन मी कोंडून ठेवलं आणि ते बिघडलं. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आत्ता श्वास हवाय. माझ्याकडं काही नाही."

मग शेवटच्या बाकावरून शाळेची बस चालवणारा उठला. दांडगा माणूस. त्याच्या बापालाही असाच दम लागायचा, आणि पावसाळ्यात त्यानं दादाला फोन केला होता, तेव्हा उत्तर मिळालं होतं: आहे एका घरी. बापाला त्यानं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवून दिवस काढले होते.

"एका घरी," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. "मी गाडीत बसून त्या घरासाठी प्रार्थना केली होती. माझा बाप गळाठून बसला होता आणि मी म्हणत होतो, जाऊ दे, त्यांचं जास्त असेल."

दादानं मान खाली घातली. म्हणाला, "मारलंत तरी चालेल. पण आधी काहीतरी करा."

पाळक तांबडेलाल झाले होते, पण बोलले ते वेगळंच. "आम्हीपण कुठं विचारलं? नाव घ्यायचं नाही म्हणून दार वाजवायचंही सोडलं. दर रविवारी एक ओळ म्हटली आणि जेवायला घरी गेलो. मीसुद्धा." पेटी वाजवणारीनं पेटीचा भाता बंद केला. बराच वेळ कोणाला कोणाकडे बघवेना. आणि बघवू नयेच! दीड वर्षात एकाच्याही मनात आलं नाही की त्या घरी डबा घेऊन जावं? देवाला सांभाळ म्हणायचं आणि आपण हात झटकायचे, हा कुठला भरवसा?

ड्रायव्हर बाकावरून बाहेर आला. दादाच्या समोरून, त्याला खांदा घासत, ठिणगीपाशी थांबला. "ताई, घरी दोन सिलिंडर आहेत. एक बापाला लावलाय, एक भरलेला ठेवलाय. भरलेला घेऊन येतो."

आणि मग, बघा हं, सवय म्हणजे सवय. दादाच्या तोंडून निघून गेलं, "पण उद्या तुमच्या वडिलांना लागलं तर?"

ड्रायव्हर वळला. "उद्या सकाळी देवाकडं मागीन. तुझ्याकडं नक्की मागणार नाही."

सिलिंडर आला. ड्रायव्हरनं तो खांद्यावरून उतरवला, आईनं नळी लावली, आणि हळूहळू पॉलिशवाल्याच्या ओठांचा रंग परत आला. ठिणगी पलंगाच्या पायाशी खाली बसून राहिली. दादा जिन्यात बसला होता. त्याला कोणी आत बोलावलं नाही. नंतर आईच बाहेर गेली आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसली. काय बोलले, ते मला माहीत नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी दादाला चार शब्द आणखी सुनावून मोकळी झाले असते. पण ठिणगीची पाळी अजून यायची होती.

दाण्यांचे नवे डबे आले. मशीन दुरुस्त झालं आणि पॉलिशवाल्याच्या उशाशी घरघरायला लागलं. दिवस गेले, माणूस सुधारला. डॉक्टर तपासून म्हणाले, "आता नाही लावलं तरी चालेल असं वाटतं. भरवसा मात्र मी देत नाही." ठिणगीनं ह्यातलं शेवटचं वाक्यच तेवढं ऐकलं.

त्याच दुपारी फोन वाजला. ड्रायव्हर. "ताई, बापाचं बरं नाही. सिलिंडर संपत आलाय. मशीन मिळेल का?"

आणि ठिणगी म्हणाली, "दोन दिवस थांबता का? अजून ह्यांचं नक्की नाही. उद्या लागलं तर..."

शब्द तोंडातून निघाले आणि ती स्वतःच दचकली. ड्रायव्हर बिचारा म्हणाला, "बरं ताई," आणि फोन ठेवला. ज्यानं भरलेला सिलिंडर खांद्यावरून आणून दिला, तो!

पॉलिशवाला खिडकीशी बसून पडद्याच्या कड्या पुसत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोण बोललं आत्ता? तुझा दादा आलाय का?"

"गप्प बसा!" ठिणगी ओरडली. "तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही निळे पडता तेव्हा बघत मला बसावं लागतं!" आणि मग ती भडाभडा बोलत सुटली. दादाला बोलली, ड्रायव्हरला बोलली, डॉक्टरला बोलली, आणि शेवटी छताकडे बघून देवालाच बोलली. "एकदा सांगून टाक ना, की हे राहतील म्हणून! एवढं सांगितलंस तर काय बिघडतं तुझं? सगळे म्हणतात भरवसा ठेव, भरवसा ठेव. कशावर ठेवू? तू तर काहीच लिहून देत नाहीस!"

पॉलिशवाल्यानं तिला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "झालं? आता ऐक. मशीन इथं असलं तरी मी जायचा तेव्हा जाणारच. आणि ते इथं ठेवल्यामुळं ड्रायव्हरचा बाप गेला, तर मग मला ओढलेला प्रत्येक श्वास टोचेल. असा श्वास मला नको. तो देवाचा नाही."

ठिणगी उठली. वायर काढली, नळी गुंडाळली, नवी नळी पिशवीत टाकली. भीती गेली नव्हती. नसू दे गेली, म्हणाली, भीत भीतही ढकलता येतं. रस्ताभर ती रागानं चालत होती आणि रागानंच प्रार्थना करत होती. देवाला चालतं ते, घाबरू नका. ड्रायव्हरनं दार उघडलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मघाशी फोनवर बोलली ती मी नव्हते. म्हणजे मीच होते. मशीन घ्या आधी."

त्या संध्याकाळी उशाशी घरघर नव्हती. ती नवऱ्याच्या छातीकडे टक लावून बसली. वर, खाली. वर, खाली. शेवटी तो म्हणाला, "अशी बघू नकोस गं. श्वास लाजतो." तेव्हा तिनं अपुरा राहिलेला पडदा मांडीवर घेतला आणि शिवायला लागली. शिवता शिवता तिच्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, आपण मोजतच नव्हतो. तो त्या वर्षी राहिला. पुढंही राहिला.

आणि दादा? वडीलपण त्यानं स्वतःहून सोडलं. लागलं-तर-खोली अर्धी रिकामी केली. अर्धीच, हं. सिलिंडर गेले, साबण गेला, मेणबत्त्या अजून आहेत. अजून तो रोज उठून कड्या तपासतो, अजून आईला थोडा खोकला आला की पांढराफटक पडतो. भीती एका दिवसात जात नाही. ठिणगी त्याच्याशी बोलते, पण तोडून बोलते. माझाही राग गेलेला नाही, सरळच सांगते.

पण ठिणगी रोज जेवणाआधी प्रार्थनेत त्याचं नाव घेते. म्हणून तुमच्याकडंही मागते. आज घरी जाऊन प्रार्थनेला बसाल, तेव्हा आजाऱ्यांची आठवण तर ठेवालच. जरा त्या दादाचीही ठेवा.